शिट्टी साफ करायला दिली आणि सेफ्टी व्हॉल्व्ह गेला

सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये साधं सोल्डर भरून दिलेला एक पाच लिटरचा कुकर नुकताच पाहण्यात आला. दहा दिवस तो रोज गॅसवर चढत होता. डाळ-भात होत होता, शिट्ट्या वेळेवर होत होत्या, घरात कुणालाही काही वेगळं जाणवलं नव्हतं. गच्चीवरचे टोमॅटो एकदम पिकले आणि चार किलो टोमॅटो प्युरीसाठी कुकरमध्ये गेले, तेव्हा कुठे ते लक्षात आलं. दारावर येणाऱ्या कुकर-मिक्सर दुरुस्तीवाल्याकडून हे कसं होतं, ते नीट सांगायला हवं. कारण यात पैसे जातात ते जातातच, पण धोका त्याहून कितीतरी मोठा आहे.

ही माणसं साधारण अकरा ते एकच्या दरम्यान येतात. घरात बहुधा एकटी बाई असते आणि सकाळचा कुकर ओट्यावर गार होत असतो. सुरुवात अगदी छोट्या कामाने होते. "काकू, फक्त शिट्टी साफ करून देतो, दहा रुपये द्या." झाकणावरच्या नळीत तार घातली की डाळीचा वाळलेला काळा गाळ बाहेर येतो. तो खरा असतो, त्यामुळे विश्वास बसतो. मग बोलता बोलता झाकण उलटं होतं, पिशवीतून पाना निघतो आणि विचारायच्या आत सेफ्टी व्हॉल्व्ह खोलून हातात येतो. "हा मेलाय काकू. कधीही फुटेल. घरात लहान मुलं आहेत ना?"

किती पैसे लागतील ही गोष्ट निघते ती इथून पुढे. व्हॉल्व्ह काढलेला कुकर वापरता येत नाही. संध्याकाळचा स्वयंपाक अडतो, बाजारात जायला वेळ नसतो आणि फुटण्याची भीती मनात बसलेली असते. अशा वेळी 'नको' म्हणणं फार अवघड असतं.

व्हॉल्व्हनंतर रिंगची पाळी. दोन्ही हातांनी ताणून, वाकवून तिच्यावरच्या बारीक रेषा दाखवल्या जातात. सहा महिने वापरलेलं कुठलंही रबर असं वाकवलं तर रेषा दिसतातच, त्यावरून ते निकामी ठरत नाही. पाहायचं ते हे, की रिंग कडक झाली आहे का, सैल पडली आहे का आणि वाफ कडेने निघते का. मग मिक्सर उलटा केला जातो, खालचे स्क्रू काढून आतली काळी भुकटी दाखवली जाते. "मोटर जळत आलीय." ती भुकटी कार्बन ब्रशची, म्हणजे मोटरला घासत वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांची असते. वापरलेल्या कुठल्याही मिक्सरमध्ये ती सापडणारच.

सोल्डर भरलेला तो कुकर ज्या घरातला, तिथे शिट्टीचे १० रुपये, व्हॉल्व्हचे २५०, रिंगचे २८०, मिक्सरच्या कार्बनचे ३५०, जारच्या बुशचे (पात्याचा दांडा ज्यात फिरतो तो भाग) ४०० आणि पात्यांना धार लावायचे १२०, असे १,४१० रुपये झाले. पावती नाही. जुने सुटे भाग "भंगारात टाकतो" म्हणून त्याच्याच पिशवीत गेले.

आता मुद्द्याचं. कुकरच्या झाकणावर वाफ बाहेर पडायच्या दोन वाटा असतात. पहिली शिट्टीची. ती चोंदली तर दुसरी वाट म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. काही कुकरमध्ये तो स्प्रिंगचा असतो, पण बऱ्याच कुकरमध्ये पितळेच्या नटाच्या मधोमध एका खास मिश्रधातूचा थेंब असतो. कुकर नेहमीसारखा चालू असताना आत सुमारे १२० अंश सेल्सियस तापमान आणि हवेच्या दाबावर आणखी सुमारे १ किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाब असतो. तापमान याच्या बरंच वर जायला लागलं की तो थेंब वितळतो आणि वाफ निघून जाते. मिश्रधातूतल्या धातूंचं प्रमाण नेमकं ठेवलेलं असतं ते याचसाठी.

जुना किंवा वितळलेला व्हॉल्व्ह "भरून" देणारा माणूस त्यात रेडिओ-टीव्हीच्या दुरुस्तीत वापरतात तेच कथील-शिशाचं सोल्डर भरतो. ते वितळतं १८३ अंशांना. कुकरमध्ये वाफेचं तापमान १८३ अंशांपर्यंत जायचं तर आतला दाब नेहमीच्या जवळजवळ दहापट व्हावा लागतो. तिथवर पोचायच्या आधीच झाकण किंवा भांडं फाटतं. म्हणजे तो व्हॉल्व्ह दिसायला जागेवर असतो, पण असून नसल्यासारखा. रोजच्या वापरात हे कळायचा काही मार्ग नाही. शिट्टी मोकळी असेपर्यंत सेफ्टी व्हॉल्व्हला कामच पडत नाही.

त्या कुकरच्या झाकणाला आतून पाहिलं तेव्हा धातूचा थेंब भोकाबाहेर काठावर पसरलेला होता, नको इतका चकचकीत, आणि एका बाजूला ओघळ नटाच्या आट्यांपर्यंत गेलेला. कारखान्यातून आलेल्या व्हॉल्व्हमध्ये तो भाग सपाट, काठाशी समतल आणि मंद करडा असतो. असा ओघळ दिसला तर तो कुकर गॅसवर ठेवूच नका. मूळ कंपनीचा नवा व्हॉल्व्ह भांड्यांच्या दुकानात शंभर रुपयांच्या आसपास मिळतो. तेवढे पैसे वाचवण्यासाठी जुना भरून घेण्यात काहीच अर्थ नाही, आणि ज्याला हे काम कळतं असा कारागीर तो कधीच भरून देत नाही.

टोमॅटोने हे उघडं कसं पाडलं? कुकर टोमॅटोने काठोकाठ भरला होता आणि पाणी घातलेलं नव्हतं. टोमॅटो उकळताना फेस वर चढतो, सुटलेली सालं त्याबरोबर झाकणापर्यंत जातात. एक साल नळीच्या तोंडाशी जाऊन चिकटली. शिट्टी होईना. गॅस चालूच होता. शेवटी कडेने फसफस वाफ आणि लाल पाणी यायला लागलं, म्हणून गॅस बंद झाला. त्या माणसाने बसवलेली रिंग निकृष्ट आणि एक माप मोठी होती, ती दुमडून एका ठिकाणी उचलली गेली आणि वाफेला वाट मिळाली. रिंग चांगली असती तर त्या स्वयंपाकघरात काय झालं असतं, या विचारानेही काटा येतो.

शिट्टी बदलून देण्यातही असाच धोका आहे. शिट्टीचं वजन आणि नळीच्या भोकाचा व्यास यांची जोडी असते. भोक ३ मिलिमीटरचं धरलं, तर १ किलो दाबाला उचलली जाणारी शिट्टी सुमारे ७० ग्रॅमची हवी. तिथे दुसऱ्या कुठल्या कुकरची १०० ग्रॅमची बसवली, तर आतला दाब चाळीस टक्क्यांहून जास्त वाढल्याशिवाय ती हलणारच नाही. "सगळ्या कुकरला चालते" असं सांगून विकली जाणारी शिट्टी घेऊ नये. आपली मूळ शिट्टी स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून तो आकडा कुठेतरी लिहून ठेवा. दुरुस्तीनंतर पुन्हा मोजली की बदलली असल्यास दोन मिनिटांत कळतं.

रिंग घेताना कुकरची कंपनी, मॉडेल आणि लिटर हे तिन्ही सांगा. आतून बसणाऱ्या झाकणाची रिंग वेगळी, बाहेरून बसणाऱ्याची वेगळी. बसवताना ओढावी लागली किंवा सैल पडून दुमडली, तर ती त्या कुकरची नाही. रिंगांसाठी आयएस ७४६६ हे भारतीय मानक आहे, तो आकडा आणि आयएसआयची खूण पाकिटावर किंवा रबरावर शोधा. कुकरचं मानक आयएस २३४७. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती प्रेशर कुकरवर आयएसआय खूण सक्तीची आहे, तरीही बिनखुणेचे कुकर विकले जातात. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असे कुकर विकू दिल्याबद्दल ऑनलाइन विक्री करणाऱ्या मोठ्या कंपन्यांवर कारवाई केली होती. नुसती खूण पाहून थांबू नका. खुणेच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे का, हे दिसतं. खोट्या खुणेखाली बहुतेक वेळा क्रमांकच नसतो.

मिक्सरच्या बाबतीत जीवाला धोका कमी, पण लूट जास्त. अचानक बंद पडलेल्या मिक्सरच्या तळाशी एक लाल बटण असतं. भार जास्त झाला की ते आपोआप सुटतं. दहा मिनिटं थांबून दाबलं की मिक्सर चालू होतो. एवढ्याच कारणासाठी "आर्मेचर (मोटरचा तारा गुंडाळलेला, फिरणारा भाग) जळालं" म्हणून मोटर काढून नेल्याचे प्रकार होतात. आर्मेचर खरंच जळालं असेल तर करपलेला उग्र वास येतो, तारांवरचं वार्निश काळं पडलेलं दिसतं. नुसत्या काळ्या भुकटीवर विश्वास ठेवू नका. आणि मिक्सर दुरुस्तीला द्यायच्या आधी जार काढून नुसत्या मिक्सरचं वजन करा. तांब्याच्या तारेऐवजी ॲल्युमिनियमच्या तारेची मोटर बसवली तर वजन कमी भरतं, कारण ॲल्युमिनियम तांब्याच्या जवळपास एक तृतीयांश वजनाचं असतं. वरून दोन्ही तारांचा रंग सारखाच दिसू शकतो, काटा मात्र फसत नाही.

जारचा बुश गेल्याची खूण सोपी आहे. टोमॅटो वाटताना जारच्या बुडाखाली काळपट, तेलकट लाल पाणी जमा झालं, तर बुश झिजलाय किंवा सील गेलंय. त्या घरात बुशचे ४०० रुपये देऊनही हेच पाणी येत होतं, म्हणजे बुश बदललाच नव्हता, फक्त पुसून ग्रीस लावलं होतं. नवा बुश बसवल्यावर पातं बोटाने धरून वरखाली, डावीउजवीकडे हलवून पाहावं, खडखड लागता कामा नये. पात्यांना दगडावर धार लावून घेऊ नये. एका बाजूला जास्त घासलं गेलं की तोल जातो, जार थरथरतो आणि चांगला बुशही महिनाभरात झिजतो.

दारावर येणारे सगळेच असे नसतात. वर्षानुवर्षं त्याच वस्तीत फिरणारे, नावाने ओळखीचे, चोख काम करणारे कारागीरही आहेत. ओळखायची एक खूण अशी की चांगला माणूस जुना सुटा भाग न मागता तुमच्या हातात ठेवतो आणि नवा भाग तुमच्यासमोर बंद पाकिटातून काढतो. अनोळखी माणसाच्या हातात झाकण द्यायच्या आधी "काय काय खोलणार आणि किती घेणार?" हे विचारा. व्हॉल्व्हला पाना लागायच्या आत "फक्त शिट्टी, बाकी काही खोलायचं नाही" हे स्पष्ट सांगा. खोललाच, तर जुना व्हॉल्व्ह परत मागून ठेवून घ्या आणि कुकर न वापरता दुकानात न्या. एक संध्याकाळ पातेल्यात भात करता येतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पण ज्याचं नाव, दुकान, पावती काहीच नाही त्याच्याविरुद्ध तक्रार पुढे सरकणं कठीण, म्हणून पैसे रोख न देता यूपीआयने द्यावेत, निदान नोंद तरी राहते.

कुठूनही दुरुस्त होऊन आलेला कुकर आधी नुसत्या पाण्यावर तपासा. झाकण उजेडाकडे धरून नळीतून आरपार दिसतं का पाहा. पाच लिटरच्या कुकरमध्ये दोन पेले पाणी घालून झाकण लावा आणि मध्यम आचेवर ठेवा. आधी नळीतून सलग वाफ येऊ द्या, मग शिट्टी ठेवा. काही मिनिटांत पहिली शिट्टी व्हायला हवी. कडेने वाफ निघाली, व्हॉल्व्हमधून थेंब गळला किंवा दहा मिनिटांत शिट्टी झालीच नाही, तर गॅस बंद करून कुकर आपोआप गार होऊ द्या. झाकणाशी झटापट करू नका.

आणि टोमॅटो थेट कुकरमध्ये घालूच नका. तळाशी दोन पेले पाणी, त्यावर जाळी, त्यावर स्टीलच्या डब्यात देठ काढून, वर चीर देऊन टोमॅटो. डबा पाऊणच भरा, वर ताटली झाका, म्हणजे सालं नळीपर्यंत पोचत नाहीत. पाणी नसेल तर घट्ट रस तळाला बसून करपतो, वाफ पुरेशी होत नाही आणि माणूस शिट्टीची वाट पाहत राहतो. ॲल्युमिनियमच्या काळवंडलेल्या कुकरमध्ये थेट टोमॅटो शिजवला की तो आतून लख्ख होतो. तो काळा थर आंबटपणामुळे सुटून रसात उतरलेला असतो. स्टीलच्या डब्यामुळे तेही टळतं. एक शिट्टी, मग मंद आचेवर पाच मिनिटं. गार झाल्यावर सालं हाताने सुटतात. रस पूर्ण गार करूनच मिक्सरमध्ये घाला, गरम रसाच्या वाफेने झाकण उडतं. वाटून, गाळून, जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात निम्मा होईपर्यंत आटवा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. भाजीपुरते दोन-दोन तुकडे काढता येतात. काम झालं की झाकण धुताना नळीत पिन फिरवून पुन्हा एकदा उजेडाकडे धरा. टोमॅटोचं एखादं बी तिथे अडकलेलं असतंच.