अर्धशिशीसाठी कपाळावरचं यंत्र: बरेच महिने वापरल्यावर

डोकं उठलं की यंत्र लावू आणि ठणका थांबेल, या आशेवर हे घेणार असाल तर जरा थांबा. मला त्याचा खरा उपयोग झाला तो डोकं दुखत नसताना.

भुवयांच्या मधोमध, किंचित वर जेलची पट्टी चिकटवायची. यंत्र चुंबकाने तिच्यावर टक्कन बसतं. भुवयांवरून कपाळात चढणाऱ्या ट्रायजेमिनल नसेच्या (चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूच्या) फांद्यांना वीज मिळते. आधी मुंग्या, मग कुणी पट्टा करकचून आवळल्यासारखं, डोळ्यांत पाणी. वीज आपोआप वाढत जाते, पण मध्येच बटण दाबून ती आहे तिथे रोखता येते. हे माहीत नसेल तर यंत्र पहिल्याच रात्री कपाटात जाईल! आता मला त्यात चक्क पेंग येते, म्हणून झोपायच्या आधीच लावते.

रोजचा प्रोग्रॅम २० मिनिटांचा, अटॅकचा ६० मिनिटांचा. हा दुसरा माझ्या फारसा कामाचा नाही. मळमळतंय, कपाळाला हात लावलेलाही सोसत नाही, आणि त्यावर तासभर झिणझिण्या? अगदी सुरुवातीला लावलं तर कधीकधी दुखणं अर्ध्यावर राहतं, इतकंच. रोजच्या प्रोग्रॅमनेही बरेच आठवडे काही जाणवलं नाही. फरक कळला तो डायरीमुळे: अटॅक येतात, पण कमी, आणि ट्रिप्टानच्या (अर्धशिशीचा अटॅक थांबवायच्या) गोळ्याही कमी लागतात. मला हेच मोठं वाटतं, कारण महिन्यात १० किंवा जास्त दिवस ट्रिप्टान घेत राहिलं तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी मागे लागू शकते.

बेल्जियममध्ये ६७ जणांवर झालेली चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनी खरं यंत्र लावलेल्यांत ३८ टक्के लोकांचे मायग्रेनचे (अर्धशिशीचे) दिवस निम्म्यावर किंवा त्याखाली आले. तुलनेसाठी खोटं यंत्र लावलेल्यांत १२ टक्क्यांचे. म्हणजे खऱ्या यंत्रानेही दहातल्या सहांना एवढा गुण आला नाही. विकणारे हे सांगत नाहीत.

वैताग म्हणाल तर पट्ट्यांचा. कपाळावर क्रीम किंवा तेलाचा अंश राहिला की कड सुटते, आणि सुटलेल्या कडेशी वीज सुईसारखी टोचते. जेल वाळलं की नवी पट्टी, म्हणजे खर्च चालूच. लालसर डाग तासाभरात जातो.

पेसमेकर किंवा डोक्यात बसवलेलं कुठलंही उपकरण असेल तर हे वापरायचं नाही. बाकीच्यांनी न्यूरॉलॉजिस्टला विचारून, शक्यतो परतीची मुदत असलेलंच घ्यावं. पट्ट्या सुट्या मिळतात का, तेही आधीच बघा.