शरीररचना वाचायची कशी: संस्थेनुसार की भागानुसार?

नर्सिंगला लागलेली भाची विचारत होती, "मामा, कुठून सुरू करू?"

संस्थेनुसार म्हणजे हाडं, रक्ताभिसरण अशी एकेक यंत्रणा शरीरभर वाचायची; भागानुसार म्हणजे शरीराचा एकेक भाग घेऊन त्यातलं सगळं एकत्र वाचायचं. समजायला संस्थेनुसार सोपं. हृदय, रक्तवाहिन्या, रक्ताभिसरण एका दमात होतं. 206 हाडंही ओळीने बसतात.

पण मनगट घे. तिथल्या अरुंद बोगद्यातून 9 कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) आणि मीडियन नर्व्ह (हातातला एक मज्जातंतू) जाते. संस्थेनुसार वाचलं तर कंडरा एका प्रकरणात, नर्व्ह दुसऱ्यात. नर्व्ह दाबली की अंगठ्याकडच्या बोटांना मुंग्या का येतात, हे भागानुसार वाचलं की लगेच दिसतं. वेळ मात्र फार खातं, नि सुरुवातीला डोकं भणाणतं.

विच्छेदन करणाऱ्या एमबीबीएसवाल्यांना भागानुसारच सोयीचं. तू संस्थेनुसार वाच. फक्त कुल्ला तेवढा भागानुसार: इंजेक्शन वरच्या-बाहेरच्या चतकोरात का, ते सायटिक नर्व्ह (कुल्ल्यातून पायात उतरणारा जाड मज्जातंतू) कुठल्या वाटेने जाते हे पाहिल्याशिवाय कळणार नाही.