डार्ट आणि फ्लटर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या दूध संस्थेसाठी ॲप करायचं होतं. संकलनाला अँड्रॉइड फोन, ऑफिसात ४ जीबी रॅमचा जुना विंडोज संगणक आणि कोड लिहिणारा मी एकटा. जावास्क्रिप्ट येत होती, पण तिच्यात संगणकाचं ॲप करायला वापरतात ते इलेक्ट्रॉन सोबत क्रोमियम हा अख्खा ब्राउझर घेऊन येतं. त्या संगणकाला ते झेपलं नसतं. म्हणून डार्ट ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिच्यातल्या एकाच कोडवरून फोन व संगणक दोन्हींचं ॲप करून देणारं फ्लटर घेतलं. आता रोज दोन्ही वेळचं दूध याच ॲपवर नोंदवलं जातं.

थोडीफार जावा आली की डार्ट आठवड्याभरात हाताशी येते. मला सगळ्यात आवडली ती नल सेफ्टी, म्हणजे एखादी किंमत रिकामी असू शकते का हे आधीच सांगायला लावणारी सोय. २०२३ च्या डार्ट ३ पासून ती सक्तीचीच आहे. एखाद्याच्या दुधाची फॅट अजून लागलेली नसेल तर काय करायचं, हे कंपायलर (कोडचं ॲप बनवणारा प्रोग्राम) आधीच विचारतो. सुरुवातीला जाच वाटला. पण शेतकऱ्याच्या बिलात चूक जाण्यापेक्षा तो कितीतरी बरा.

मराठीत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की बघावी. पावतीवर नाव मावावं म्हणून मी ते दहा अक्षरांवर सबस्ट्रिंगने, म्हणजे मजकुराचा तुकडा काढणाऱ्या आज्ञेनं, कापत होतो. ‘सुरेखा पाटील’चं छापून आलं ‘सुरेखा पाट’. आपल्या लेखी ‘पाटील’ तीन अक्षरांचं, डार्ट मात्र काना आणि वेलांटी वेगळी मोजून पाच म्हणते. कॅरेक्टर्स हे पॅकेज (तयार कोडचा संच) वापरल्यावर मात्रा अक्षराबरोबर राहिली. आकड्यांचं मात्र सुख आहे: इंटल पॅकेजला मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाची खूण) दिलं की १,२५,००० असं आपल्या पद्धतीनं येतं.

खरा वेळ खाल्ला विंडोजनं. बिल्डसाठी, म्हणजे कोडचं चालतं ॲप बनवायला, व्हिज्युअल स्टुडिओची सी प्लस प्लसची साधनं लागतात, ती काही जीबी भरतात. पहिल्यांदा पेनड्राइव्हवर मी नुसती ईएक्सई (ॲप सुरू करणारी फाइल) नेली; ॲप उघडेचना. शेजारच्या डीएलएल (ॲपला लागणाऱ्या कोडच्या फाइली) आणि डेटा फोल्डर सोबतच न्यावं लागतं. बरीचशी प्लगइन्सही (ॲपला जोडायचे तयार भाग) फक्त फोनपुरती असतात. नोंदी साठवणारं एसक्यूफ्लाइट विंडोजवर तसंच चालत नाही, त्याची संगणकावर चालणारी एफएफआय आवृत्ती जोडावी लागली. काटा, प्रिंटर असं काही जोडायचं असेल तर भाषा ठरवण्याआधी त्या प्लगइनच्या पानावर विंडोजचं नाव आहे का ते बघा.

संस्थेच्या एका संचालकांकडे आयफोन आहे. आयफोनचं बिल्ड मॅकशिवाय (ॲपलच्या संगणकाशिवाय) होत नाही, त्यामुळे ते तूर्त ऑफिसच्या संगणकावरच हिशोब बघतात.