वर्ल्ड क्लब चॅलेंज: तिकीट काढावं की नाही?

रग्बी लीगमध्ये (म्हणजे तेरा-तेरा खेळाडूंच्या रग्बीत) इंग्लंडच्या सुपर लीगचा विजेता आणि ऑस्ट्रेलियाच्या एनआरएल या साखळीचा विजेता यांच्यात एकच सामना होतो, अलीकडे बहुधा फेब्रुवारीत. तोच वर्ल्ड क्लब चॅलेंज. मँचेस्टरकडे किंवा सिडनीत राहणारा मराठी माणूस विचारतो ते रास्तच आहे: दोन्ही संघ जीव तोडून खेळतात का, की नुसता पाहुण्यांचा मान राखायचा?

इंग्लिश क्लबांबद्दल शंका नको. एनआरएलची पगारमर्यादा सुपर लीगपेक्षा कितीतरी मोठी, त्यामुळे इकडचा गुणी खेळाडू तिकडे जातो. त्याचा हिशोब चुकता करायला ही एकच रात्र मिळते. 1987 मध्ये विगनने सिडनीच्या मॅन्लीला 8-2 हरवलं. अख्ख्या सामन्यात एकही ट्राय (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवणं) नाही, तरी मैदानावर छत्तीस हजारांहून जास्त माणसं. 2023 मध्ये इंग्लंडचं सेंट हेलन्स आधीच ऑस्ट्रेलियात जाऊन तिथल्या सेंट जॉर्ज इलावाराशी सराव सामना खेळलं आणि मग एनआरएल विजेत्या पेनरिथला त्यांच्याच मैदानावर भिडलं. अगदी शेवटी पेनरिथने ट्राय केली, त्यांच्या क्लिअरीने कडेवरून किक मारून 12-12 केलं. जादा वेळेत सेंट हेलन्सच्या लुईस डॉडने ड्रॉप गोल (हातातला चेंडू जमिनीवर टाकून उसळताच मारलेली किक, एक गुण) मारला आणि त्यांनी सामना 13-12 असा जिंकला.

ऑस्ट्रेलियन क्लबांचं गणित वेगळं. फेब्रुवारीत त्यांचा हंगाम सुरूच झालेला नसतो, प्रशिक्षकाचं लक्ष साखळीच्या पहिल्या सामन्याकडे असतं, वर लांबचा प्रवास. 2004 ते 2008 सलग पाच वेळा इंग्लिश क्लब जिंकले, आणि पाचही सामने इंग्लंडातच झाले होते. पण हे कारण नेहमी चालत नाही. एनआरएल सलग चार वर्षं जिंकणारं पेनरिथ 2023 ला घरी हरलं आणि 2024 ला विगनमध्येही, 16-12. हरलं की सराव सामना आणि जिंकलं की जगज्जेतेपद, ही सोय मला पटत नाही. घरच्या मैदानावर मनावर घेतलं तर ते काय करतात, हे मेलबर्नने 2018 ला इंग्लंडच्या लीड्सला 38-4 चिरडून दाखवलंच.

सगळ्यात खरी लढत मला 1994 ची वाटते. जून महिना, ब्रिस्बेनचा हंगाम भरात, स्वतःचं मैदान, 54,220 प्रेक्षक. सबबीला जागाच नव्हती. विगन 20-14 ने जिंकलं.

खरी हयगय वेळापत्रक आखणाऱ्यांची. 1 मार्च 2025 ला विगन आणि पेनरिथ, दोन्ही विजेते, लास वेगासच्या एकाच मैदानावर एकाच दिवशी उतरले, पण आपापल्या साखळीचे सामने खेळायला: विगन वॉरिंग्टनशी खेळलं आणि पेनरिथ क्रोनुलाशी. त्या वर्षी वर्ल्ड क्लब चॅलेंज झालंच नाही. (आपल्याकडे चॅम्पियन्स लीग टी-20 आठवते का? मुंबई इंडियन्सने दोनदा जिंकली, तरी ती गुंडाळली तेव्हा फारसं कुणी हळहळलं नाही.)

तेव्हा सामना इंग्लंडात असेल तर डोळे झाकून तिकीट काढा. पाहुणे थोडे गंजलेले असले तरी यजमान आणि प्रेक्षक पैसे वसूल करून देतात. ऑस्ट्रेलियात असेल तर आधी बघा, इंग्लिश संघ किती दिवस अगोदर येऊन सराव करतोय. आदल्या आठवड्यात उतरणार असेल तर घरी टीव्हीवर बघा. आणि खिशात एकाच तिकिटाचे पैसे असतील, तर ते सरळ ग्रँड फायनलसाठी, म्हणजे साखळीच्या अंतिम सामन्यासाठी, ठेवा.