'तयार टँक'च्या नावाखाली १५,३३० रुपयांना फसवणूक, आणि दोन मासे मेले

फ्लॉवरहॉर्न हा शोभेचा मासा ७,५०० रुपये. 'बॅक्टेरिया'ची बाटली ६५०. औषधं १,१८०. पहिला मासा मेल्यावर 'तुमच्यासाठी कमी करून' दिलेला दुसरा ६,०००. एकूण १५,३३०. टँक आणि फिल्टरचे पैसे यात धरलेलेच नाहीत. दुकान मध्य मुंबईतलं, गर्दी असणारं.

नवा टँक चार ते सहा आठवडे 'सायकल' करावा लागतो, म्हणजे माशाच्या घाणीतून होणाऱ्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये वाढू द्यावे लागतात, हे मला माहीत होतं, म्हणून तर ती बाटली घेतली. जिवंत बॅक्टेरियाच्या चांगल्या बाटल्या बाजारात मिळतात, त्यामुळे विश्वास ठेवण्यात मूर्खपणा नव्हता. "आज ओता, उद्या मासा सोडा, गॅरंटी माझी," असं दुकानदाराने सांगितलं. बाटलीवर ना बॅच नंबर होता, ना एक्सपायरी. अशी बाटली फुकट दिली तरी घेऊ नका.

सहाव्या दिवशी मासा पाण्यावर तोंड काढून धापा टाकायला लागला, कल्ले लालबुंद. पाण्याचा नमुना दुकानात नेला. दुकानदाराने नळीत अमोनिया तपासायच्या किटमधल्या एकाच बाटलीचे थेंब टाकले, हलवलं, "पिवळं आहे, अमोनिया शून्य" म्हणाला आणि पाणी बेसिनमध्ये ओतून टाकलं. जेमतेम दहा सेकंद. त्या किटमध्ये दुसऱ्या बाटलीचे थेंब टाकल्याशिवाय रंग येतच नाही, आणि मग पाच मिनिटं थांबावं लागतं. हे माझ्या डोळ्यांसमोर झालं. मागे गिऱ्हाईकं उभी होती, घरी मासा मरत होता, आणि माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. तिथेच थांबायला हवं होतं.

त्याने 'इन्फेक्शन' ठरवून मिथिलिन ब्लू हे निळं जंतुनाशक औषध आणि अँटिबायोटिकची पावडर गळ्यात मारली. मिथिलिन ब्लूने फिल्टरमधले उपयोगी बॅक्टेरियाही मरतात. म्हणजे थोडेफार असलेच तर तेही गेले. मासा त्याच रात्री मेला. खरं तर तेव्हा औषध नको होतं: खाणं बंद, क्लोरीन काढलेल्या पाण्याने अर्धं पाणी बदलायचं, हवा वाढवायची.

दुसरा मासा पाचव्या दिवशी गेला, तेव्हा दोष आमच्या सोसायटीच्या पाण्यावर. टाकी सफाईनंतरच्या ब्लीचिंग पावडरने मासे मरतात हे खरं, त्या दिवशी पाणी बदलूच नका. पण क्लोरीनने मासा पाणी बदलल्यावर काही तासांत जातो. इथे पाच दिवस पाणी बदललेलंच नव्हतं.

मग थेंब टाकून पाणी तपासायचं स्वतःचं ड्रॉप किट घेतलं. अमोनिया ४ पीपीएम (दहा लाख भागांत ४ भाग), नायट्राइट शून्य, नायट्रेट शून्य. सायकल सुरूच झाली नव्हती. पीएच ७.८ आणि उकाड्यात पाणी ३० अंश. पीएच आणि तापमान वाढलं की अमोनिया जास्त विषारी होतो.

औषधामुळेच बॅक्टेरिया मेले असं त्याने म्हणू नये म्हणून दोन बादल्या लावल्या. दोन्हींत क्लोरीन काढलेलं पाणी, हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन आणि किटवर अमोनिया २ पीपीएम येईल इतका नवसागर (अमोनियाचा क्षार). एकीत उरलेली बाटली ओतली, थोडी पुराव्यासाठी ठेवून. दुसरीत ओळखीच्यांच्या जुन्या टँकचा स्पंज. स्पंजवाल्या बादलीत पाचव्या दिवशी अमोनिया शून्य. बाटलीवालीत सतराव्या दिवशीही २.

हे घेऊन पोलीस चौकीत गेल्यावर "माशासाठी एफआयआर?" म्हणून हसले. ग्राहक मार्गदर्शन केंद्रात "पक्कं बिल आणा, मग बघू." बिल मागूनही न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि हे त्याच टेबलावर मी सांगायचं! मेलेला मासा तपासायचा कुठे, हेही कोणी सांगेना. २०१८ चे पेट शॉप नियम कुत्री, मांजरं, पक्षी वगैरेंसाठी आहेत. मत्स्यालयांच्या दुकानांसाठी २०१७ मध्ये काढलेले नियम केंद्राने मागे घेतले. मग माशांचा वाली कोण?

क्रॉफर्ड मार्केट असो की कुर्ला, टेस्ट स्वतःच्या किटनेच करा, आणि पाच मिनिटं मोजा. पैसे यूपीआयने द्या, रोख नको. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवून नंबर लिहून ठेवा. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही. माझी तक्रार तिथे दाखल आहे. यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि बादल्यांच्या रोजच्या नोंदी जोडल्या आहेत. बाटली तळाशी उरलेल्या पाण्यासकट कपाटात ठेवली आहे.