बहुचल कलनशास्त्रासाठी जिओजेब्रा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी बहुचल कलनशास्त्राचा, म्हणजे एकाहून अधिक चलांच्या कॅल्क्युलसचा, पेपर सुरू झाला, त्याच आठवड्यात मी जिओजेब्रा या गणिती आकृत्या काढणाऱ्या सॉफ्टवेअरचे त्रिमितीय ॲप फोनवर घेतले. त्याला आता आठ महिने होत आले. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली सुरू केलेल्या कामातून हे सॉफ्टवेअर उभे राहिले आणि विद्यार्थ्यांना ते विनामूल्य वापरता येते. ते कसे बसवायचे, याची माहिती सगळीकडे मिळते. येथे मला एवढेच नोंदवायचे आहे की या विषयात चित्र कोठे कामी आले आणि कोठे त्याने मला फसवले.

सर्वांत मोठा लाभ झाला तो इंटिग्रलच्या (अतिसूक्ष्म तुकड्यांच्या बेरजेच्या) मर्यादा ठरवताना. एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या, प्रत्येकी १ त्रिज्येच्या दोन वृत्तचितींच्या सामाईक भागाचे घनफळ काढा, हे उदाहरण वर्गात फळ्यावर सुटले होते आणि १६/३ हे उत्तरही वहीत होते. मात्र तो सामाईक भाग दिसतो तरी कसा, हे मला सांगता आले नसते. ॲपमध्ये दोन्ही वृत्तचिती अर्धपारदर्शक करून घेतल्या आणि क्ष-अक्षाला लंब असलेले एक प्रतल स्लायडरला (संख्या कमीजास्त करणाऱ्या सरकपट्टीला) जोडून पुढेमागे सरकवले. ते प्रतल प्रत्येक वृत्तचितीला दोन समांतर रेषांत छेदते आणि त्या चार रेषांतून चक्क एक चौरस तयार होतो. स्लायडर शून्यावर असताना चौरसाचे क्षेत्रफळ ४ येते, ०.५ वर ३ येते आणि १ वर चौरस मिटून जातो. म्हणजे क्षेत्रफळ ४ गुणिले (१ वजा क्षचा वर्ग), आणि त्याचे उणे १ ते १ इंटिग्रल घेतले की तेच १६/३. दोन वक्र पृष्ठांच्या पोटात चौरस दडलेला असेल, असे मला तोवर वाटलेही नव्हते. त्यानंतर ट्रिपल इंटिग्रलमध्ये कोणत्या चलाचे इंटिग्रल आधी घ्यायचे, याची धास्ती बरीच कमी झाली.

एखादी अट पाळून कमाल-किमान किंमत काढण्याच्या लग्रांजच्या पद्धतीचेही तसेच. क्षवर्ग अधिक यवर्ग बरोबर ८ या वर्तुळावर क्ष गुणिले य याची कमाल किंमत काढायची, तर गुणाकाराची किंमत स्लायडरवर ठेवून, तेवढाच गुणाकार असलेल्या बिंदूंचा वक्र सरकवत न्यावा. ३ वर तो वर्तुळाला चार ठिकाणी छेदतो, ५ वर वर्तुळापर्यंत पोहोचतच नाही आणि नेमक्या ४ वर (२, २) आणि (−२, −२) या बिंदूंत हलकेच स्पर्श करतो. स्पर्श झाला म्हणजे दोन्ही फंक्शनचे ग्रेडियंट (सर्वांत तीव्र चढाची दिशा दाखवणारे बाण) एका रेषेत आले, आणि पुस्तकातला तो लॅम्डा, म्हणजे एक ग्रेडियंट दुसऱ्याच्या किती पट ती संख्या, येतो तो येथूनच. शाळेच्या भूगोलात समोच्च रेषा शिकलेल्या आणि हरिश्चंद्रगडाच्या नकाशावर कोकणकड्यापाशी त्या रेषा कशा दाटतात हे पाहिलेल्या कोणालाही ग्रेडियंट वेगळा समजावून सांगावा लागू नये: रेषा दाट तेथे चढ तीव्र, आणि सर्वांत तीव्र चढाची दिशा रेषेला लंब.

लिमिटच्या (एखाद्या बिंदूच्या जवळ जाताना फंक्शन ज्या एका किमतीकडे जाते तिच्या) प्रकरणात मात्र माझी चूक झाली आणि ती सर्वस्वी माझीच होती. क्षवर्ग गुणिले य, भागिले (क्षचा चौथा घात अधिक यवर्ग), या फंक्शनची आरंभबिंदूपाशी लिमिट आहे का, असा प्रश्न होता. मी आरंभबिंदूतून जाणाऱ्या सरळ रेषा स्लायडरने फिरवून पाहिल्या, प्रत्येक रेषेवर किंमत शून्याकडे गेली आणि अंतर्गत परीक्षेत मी ‘लिमिट शून्य’ असे निःशंकपणे लिहून आलो. य बरोबर क्षवर्ग या पॅराबोलावरून जाऊन पाहिले तर किंमत सतत १/२ राहते आणि य बरोबर उणे क्षवर्ग यावरून सतत उणे १/२. तेव्हा लिमिट अस्तित्वातच नाही. गंमत अशी की चित्रात १/२ ची ती धार आणि उणे १/२ ची ती दरी दोन्ही होत्या. परंतु आरंभबिंदूच्या जितके जवळ जावे तितके ते दोन्ही पॅराबोला क्ष-अक्षाला चिकटत जातात, आणि अशा ॲपने काढलेले पृष्ठ हे शेवटी निवडक बिंदू जोडून विणलेले जाळे असल्यामुळे इतकी अरुंद धार त्या जाळ्याच्या फटीतून निसटते. एका बिंदूपाशी काय घडते, हे चित्राला विचारू नये.

तेव्हापासून मी क्रम उलटा केला आहे. आधी वहीत हाताने प्रदेश काढतो, मर्यादा लिहितो, आणि मगच ॲप उघडून ताडून पाहतो. परीक्षेच्या खोलीत फोन नसतो, हे कारण आहेच. शिवाय तयार चित्र आधी पाहिले की कोणता पृष्ठभाग वर आणि कोणता खाली, हा विचार करायचा राहूनच जातो. फोनच्या पडद्यावर बोटाने आकृती फिरवणे सोयीचे असले तरी समीकरणे टंकायला संगणक बरा, आणि माझ्या जुन्या फोनवर तीन-चार पृष्ठे एकदम काढली की आकृती अडखळत फिरते.

सध्या पृष्ठावरच्या इंटिग्रलला त्याच्या कडेवरच्या इंटिग्रलशी जोडणाऱ्या स्टोक्सच्या प्रमेयाशी गाठ पडली आहे. एकाच वर्तुळाकार कडेवर बसवलेली सपाट चकती आणि अर्धगोल ही दोन पृष्ठे काढून ठेवली आहेत. दोन्हींवर उत्तर सारखेच येते, हे कागदावर पडताळून झाले. त्यांवर सदिश क्षेत्राचे (प्रत्येक बिंदूला एक दिशा आणि मान देणाऱ्या फंक्शनचे) बाण काढले, तर ते इतके दाटले की काहीच समजेना, म्हणून बाण पुसून टाकले आणि नुसती कड ठेवली आहे.