भाड्याची स्टील ताटं, कोल्हापूरची पंगत आणि वाटीचा प्रश्न: पावसाळ्याआधीपासूनचा अनुभव

अनामतीतून एकदा कापलेले पैसे न मागता परत आले, असं माझ्या बाबतीत आजवर झालं नव्हतं. गेल्या महिन्यात झालं. गणपतीतल्या महाप्रसादानंतर हरवलेल्या वाट्यांचे पैसे स्टीलची भांडी भाड्यानं देणाऱ्या पोरीनं कापून घेतले होते, त्यावरून माझा तिच्याशी चांगलाच वाद झाला होता. आणि काही आठवड्यांनी तिचाच मेसेज आला: "काका, तुमच्या वाट्या सापडल्या. पैसे परत टाकलेत, बघा." वादाच्या दिवशीच हा अनुभव लिहिला असता तर सूर वेगळा लागला असता. आता सगळं लिहितो.

तिची ही भांड्यांची सेवा बऱ्याच जणांनी वापरलेली आहे, म्हणून थोडक्यात. ताटं, वाट्या, पेले, चमचे, ओगराळी, बादल्या 'छोटा हत्ती' टेम्पोतून दारात येतात आणि जेवण झालं की खरकट्यासकट परत जातात. आपण काही घासायचं नाही. पोरगी पर्यावरणशास्त्र शिकलेली, नोकरी न शोधता कळंबा रस्त्याला शेड घेऊन हे सुरू केलं. एकही वस्तू एकदा वापरून टाकायची नाही, खरकट्याची एकही बादली कोंडाळ्यात जायची नाही, हा तिचा नियम.

गल्लीतल्या आणि भावकीतल्या जेवणांचा हिशेब माझ्याकडे असतो, त्यामुळे सुरुवातीला तिचं भाडं मला खुपलं. चिपाडाचं ताट, दोन द्रोण, कागदी पेला, चमचा असा संच माणशी दहाच्या आसपास पडतो. हिचे चौदा. पण टाकाऊ संच हिशेबात जेवढा लिहितो तेवढा कधीच लागत नाही. रस्सा पाझरतो म्हणून माणसं द्रोणात द्रोण घालतात. पाण्याला प्रत्येक वेळी नवा पेला उचलतात. शेवटी मोकळी पाकिटं मोजली की माणशी चौदा तिथंही झालेलेच असतात, वर कचरा उचलायला माणूस लावावा लागतो तो वेगळा. मंडपवाल्याची स्टीलची भांडी भाड्याला स्वस्त, पण ती घासून द्यावी लागतात. शंभर माणसांची मटणाची भांडी रात्री अकराला घासायला कुणी मिळत नाही, मिळालं तर मागेल ते द्यावं लागतं. एवढं मांडल्यावर भाड्याबद्दलची माझी तक्रार मी मागे घेतली.

आणि पैशापलीकडचंही एक आहे. कागदी पेल्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. म्हणून तो पाणी धरतो आणि म्हणूनच कुजत नाही. बाजारातल्या बऱ्याच 'पत्रावळी' तर पानाचं चित्र छापलेला कागदच असतो. थर्माकोलची आणि प्लास्टिकची ताटं राज्यानं २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं बंद केली, १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली. तरी जयंती नाल्याच्या कडेला उभं राहून बघा काय वाहतंय. तो नाला पुढं पंचगंगेलाच जाणार. २०१९ ला आणि २०२१ ला नदी घरात आली तेव्हा पाणी ओसरल्यावर चिखलातून काय काय उपसलं, हे ज्यांनी उपसलं त्यांना विसरता येत नाही. आपल्याच गल्लीच्या जेवणाचा कचरा आपल्याच नदीत, हे मला खरंच सहन होत नाही.

आता वाटी. मला सगळ्यात जास्त याच गोष्टीवर बोलायचं आहे.

पहिल्यांदा भांडी आली ती खणाची ताटं आणि ताटामागे एकच वाटी. तीसुद्धा लहान, पातळ पत्र्याची, काठ न वळवलेली. आमटीभाताला ठीक असेल. पण कोल्हापुरात मटणाच्या ताटाला एक वाटी? तांबडा रस्सा कशात घ्यायचा आणि पांढरा कशात? एकात दुसरा ओतला की दोन्हींची चव गेली. शिवाय रस्सा इथं भाकरीला लावून संपत नाही, वाटी तोंडाला लावून पितात. लहान वाटी दोन घोटांत रिकामी होते, आणि बादलीवाला पंगतीच्या दुसऱ्या टोकाला असतो. माणूस कोरडी भाकरी हातात धरून बघत बसतो. त्यात कडक रस्सा पातळ पत्र्यात वाढला की वाटी उचलता येत नाही. काठ वळवलेला असेल तर बोटांना धरायला जागा मिळते आणि ओठालाही चटका बसत नाही. यजमानाची पत्रास या एका गोष्टीवर ठरते. मटण कितीही चांगलं झालं तरी पाहुणा घरी जाऊन "रस्सा मिळाला नाही" हेच सांगतो.

आषाढात त्र्यंबोलीच्या, म्हणजे टेंबलाईच्या यात्रेला हे फार जाणवलं. पंचगंगेचं नवं पाणी घेऊन, पी-ढबाक वाद्यांच्या तालावर टेंबलाईच्या टेकडीवर जाऊन आल्यावर गल्लीचं जेवण असतं. माणसं भिजलेली, दमलेली, भुकेली. त्यांना गरम रस्सा वाटी भरून हवा. त्या दिवशी आमच्या पोरांनी घराघरांतून वाट्या गोळा करून आणल्या, तेव्हा कुठं पंगत उठली. मी तिला रात्रीच फोन करून स्पष्ट सांगितलं, "बाळ, ताटामागे दोन वाट्या देणार नसशील तर मटणाच्या जेवणाला तुझी भांडी चालणार नाहीत." तिनं कुठलंही कारण सांगितलं नाही. "किती मापाची पाहिजे काका, एक नमुना दाखवाल?" एवढंच विचारलं. घरातली जुनी वाटी मी दुसऱ्या दिवशी शेडवर नेऊन दिली.

श्रावणात नव्या वाट्या आल्या. खोल, वळवलेल्या काठाच्या, ताटामागे दोन, आणि भाडं तेवढंच. इथं माझं मत बदललं असं म्हणता येईल. पण नव्या वाटीची नवीन अडचण निघाली. ओल्या असताना एकात एक रचल्या की मधल्या पाण्यामुळे आत हवा शिरत नाही आणि त्या सुटता सुटत नाहीत. पावसाळ्यात ऊन नाही, वाट्या पूर्ण वाळत नाहीत, त्यामुळे चळत हातात घेऊन वाढपी ओढतोय आणि पंगत बसून आहे, असं प्रत्यक्ष झालं. आता ती वाट्या उपड्या, जाळीच्या क्रेटमध्ये रचून पाठवते. क्रेटला गाडीत जागा जास्त लागते, म्हणून मोठ्या जेवणाला गाडी दोनदा येते. मला चालतं. तुम्ही वेळेचा हिशेब करताना एवढं लक्षात घ्या.

आता तो वाद. गणपतीत आमच्याकडं महाप्रसाद होता: वांग्याची भाजी, भात, आमटी, गव्हाची खीर. दुसऱ्या दिवशी तिनं कळवलं की वाट्या कमी भरल्या, आणि अनामतीतून पैसे कापले. माझं म्हणणं साधं होतं: मोजणी दोघांसमोर व्हायला हवी. भांडी रात्री तुमच्या गाडीत चढली, सकाळी तुमच्या शेडमध्ये मोजली, मग वाटी आमच्या मांडवात राहिली की तुमच्या गाडीत, हे कसं ठरवणार? ती म्हणाली, खरकटं चढलेली भांडी रात्री मोजता येत नाहीत. दोघेही आवाज चढवून बोललो. मी पुढच्या कार्यक्रमाला डेकोरेटरला विचारायलासुद्धा सुरुवात केली.

वाट्या गेल्या होत्या खरकट्याच्या बादलीत. ताट झटकताना वाटीही आत गेली, वरून भात-भाजी पडली, कुणाला दिसलं नाही. तिच्याकडं खरकट्याचं खत होतं, उसाच्या पाचटाचा थर आणि खरकट्याचा थर असा ढीग रचतात. ढीग पालथा घालताना आमच्या वाट्या निघाल्या. तिनं आमच्या कार्यक्रमाची तारीख ढिगावरच्या पाटीवरून जुळवली आणि पैसे पाठवले. ती गप्प बसली असती तर मला कधीच कळलं नसतं.

त्यानंतर तिनं जे केलं ते मला सगळ्यात आवडलं. नव्या वाट्यांना चुंबक धरतो हे तिच्या लक्षात आलं. ज्या स्टीलमध्ये निकेल असतं, ३०४ नंबरच्या जातीसारखं, त्याला चुंबक सहसा धरत नाही. ४३० नंबरच्या जातीत निकेल जवळजवळ नसतं, त्याला धरतो. मग तिनं चमचेही त्याच जातीचे घेतले आणि उद्यमनगरातून दांड्याचा मोठा चुंबक करून आणला. आता खरकटं जाळीच्या टेबलावर ओतून त्यावरून चुंबक फिरवतात, ढिगात जायच्या आधीच. ४३० स्टील गंजाला थोडं कमी टिकतं, म्हणून लिंबू-मीठ लागलेली वाटी रात्रभर घरात ठेवू नका, गाडीतच जाऊ द्या. आणि मोजणीचा माझा मुद्दाही तिनं मान्य केला: उतरवताना क्रेट दोघांसमोर मोजायचे, जाताना क्रेटमधले रिकामे खण मोजायचे. खण किती रिकामे राहिले हे खरकट्या अंगाच्या भांड्यांतही कळतं.

शेडवर जाऊन आलोय, म्हणून धुण्याबद्दल खात्रीनं लिहितो. रात्री भांडी भिजत घालतात, सकाळी परिसरातल्या बायका गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून घासतात. पाणी टाक्यांतून जातं, पहिल्या टाकीत रश्श्याचा कट वर येतो, तो काढून घेतात. त्या बायकांना दिवसाची मजुरी तिथल्या तिथं मिळते आणि रात्री कुणाला थांबावं लागत नाही. दिवसकार्याच्या जेवणाला ती भाडं घेत नाही, फक्त धुण्याची मजुरी घेते. आमच्या भावकीत मध्ये एक दुःखद प्रसंग झाला तेव्हा हे कळलं, तिनं स्वतःहून कधी सांगितलं नव्हतं.

अजून जमलेलं नाही असं: पेले लहान आहेत, पाणीवाल्याला फार फिरावं लागतं. हाडांसाठी वेगळी बादली येते, पण ती पंगतीच्या शेवटी ठेवतात, तिथपर्यंत कुणी जात नाही. दोन ओळींच्या मध्ये ठेवायला सांगा. ओगराळी मटणाला ठीक, खिरीला उथळ पडतात.

गाडी एकच आहे. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली की तारीख मिळणं अवघड होतं, आणि आषाढातले मंगळवार-शुक्रवार तर आताच भरायला लागलेत. मटणाचं जेवण असेल तर बुकिंग करतानाच "दोन वाट्या, काठाच्या" असं सांगा. जुन्या लहान वाट्यांचा साठा अजून तिच्याकडं आहे आणि न सांगितल्यास शाकाहारी जेवणाला त्याच येतात.